निनावी साक्षीदार

साक्षीदाराने आपले नाव झाकून ठेवावे काय? प्रश्न जुना आहे, आणि आपल्याकडे त्याचे उत्तरही जुनेच आहे. मराठेशाहीतील एखादा महजर पाहावा. वतनाचा तंटा गोतसभेपुढे येई, निवाडा होई, आणि कागदावर उपस्थितांची नावे व निशाण्या येत. पाटलाच्या नावापुढे नांगर काढलेला असे. त्या कागदाचे बळ त्या नावांतच होते. साक्ष देणारा कोण, कोणाचा, कोणत्या गावचा हे पंचक्रोशीला ठाऊक असे. म्हणून त्याच्या शब्दाला वजन असे. आपली घराणी शिंदे, होळकर, गायकवाड यांच्यामागून या प्रांतांत आली, तीदेखील बव्हंशी नावाच्याच भांडवलावर. नाव कमावणे, नाव राखणे, नाव बुडविणे हे शब्दप्रयोग आपल्या घरांत आजही नित्याचे आहेत.

प्रस्तुत लेखकाची नोकरी राज्य शासनाच्या कोषागारात झाली. तेथेही हाच न्याय. देयकावर ज्याची सही, त्याची जबाबदारी. उलटपक्षी, निनावी अर्ज आला की तो दप्तरी दाखल होत असे. केंद्रीय दक्षता आयोगाने तर १९९९ साली लेखी आदेशच काढला, की निनावी वा खोट्या नावाच्या तक्रारींवर कारवाई करू नये. ज्याला नाव सांगण्याचे धैर्य नाही, त्याचे म्हणणे ऐकून कशाला घ्यायचे, ही त्यामागील भूमिका. आणि ती आम्हा सर्वांना रास्त वाटे.

या भूमिकेला धक्का देणारी एक गोष्ट अलीकडे आमच्याच घरात घडली. पुढच्या पिढीतील एका तरुणाने बिटकॉइनचा नोड घरी चालविण्यास घेतला, आणि तोही टॉर नावाच्या जाळ्यातून, जेणेकरून तो कोणाच्या घरात आहे हे कोणास कळू नये. वडीलधाऱ्यांनी साहजिकच विचारले, ‘‘लपविण्यासारखे आहे तरी काय?’’ वरवर तांत्रिक दिसणारा हा प्रश्न मुळात नीतीचा आहे, म्हणून त्याचा विचार येथे करावासा वाटतो.

प्रथम हा नोड म्हणजे काय ते पाहू. सातोशी नाकामोतो असे नाव धारण करणाऱ्या कोणी एकाने वा अनेकांनी ऑक्टोबर २००८ मध्ये एक लहानसा निबंध प्रसृत केला, आणि ३ जानेवारी २००९ रोजी त्यात वर्णिलेल्या खातेवहीचे पहिले पान लिहिले गेले. ती व्यक्ती कोण, हे अद्याप निश्चित झालेले नाही. या खातेवहीला मालक नाही, मुख्य कचेरी नाही. सरासरी दर दहा मिनिटांनी तिला एक नवे पान जोडले जाते. त्यास ब्लॉक म्हणतात. जगभरच्या हजारो संगणकांवर तिच्या प्रती असतात, आणि प्रत बाळगणारा व तपासणारा प्रत्येक संगणक म्हणजे नोड. आज ही वही सहाशे गिगाबाइटच्या पुढे गेली आहे. नवे पान आले की नोड ते स्वतः तपासतो. खर्च करणाऱ्याची अंकीय सही खरी आहे काय? तेच नाणे दोनदा खर्ची पडले नाही ना? नवी नाणी नियमापेक्षा अधिक निघाली नाहीत ना? (एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या वर जाऊ नयेत, असा नियम आहे.) चूक आढळली तर नोड ते पान नाकारतो. नवी पाने तयार करणाऱ्या मायनर मंडळींना नाण्यांच्या रूपाने मोबदला मिळतो. नोड चालविणाऱ्यास काहीही मिळत नाही. तो बिनपगारी लेखापरीक्षक असतो म्हणा ना.

बिटकॉइन हे चलन की सट्टा, हा वाद येथे उपस्थित करीत नाही. आपला विषय त्या लेखापरीक्षकाचा आहे. त्याचा संगणक इतर नोडांशी बोलतो तेव्हा त्यांना त्याचा इंटरनेटवरील पत्ता दिसतो, आणि त्यावरून शहराचा व सेवा देणाऱ्या कंपनीचा अंदाज येतो. त्याने स्वतःचा एखादा व्यवहार त्याच नोडवरून पाठविला, तर पाळतीवर असणाऱ्यास तो प्रथम कोठून निघाला याचाही तर्क करता येतो. टॉर हे यावरील आवरण. १९९० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत या कल्पनेवर काम सुरू झाले. टॉर प्रत्यक्षात २००२ मध्ये आले, आणि २००६ पासून एक धर्मादाय संस्था ते सांभाळते. संदेशावर कांद्यासारखे एकावर एक तीन पापुद्रे चढवून तो तीन मुक्कामांतून पाठवितात. प्रत्येक मुक्काम आपल्यापुरता एक पापुद्रा काढतो. पहिल्यास पाठविणारा ठाऊक, पण कोठे जायचे ते ठाऊक नाही. शेवटच्यास ठिकाण ठाऊक, पण पाठविणारा नाही. दोन नोड टॉरच्या आतच भेटणार असतील तर दोघेही आपापल्या आडवाटेने मधल्या एका ठिकाणी येतात, आणि कोणालाच दुसऱ्याचे घर कळत नाही.

म्हणजे कोषागाराच्या नेमके उलट झाले. आमच्याकडे माणसे उघड होती आणि वह्या बंद. सामान्य नागरिकास त्या पाहता याव्यात यासाठी २००५ चा माहितीचा अधिकार यावा लागला. येथे मात्र वही कोणीही उघडून पाहावी, आणि ती तपासणारा पडद्याआड.

यांपैकी अधिक नैतिक काय? उत्तर देण्यापूर्वी आपण नाव मागतो ते कशासाठी, हे पाहिले पाहिजे. माझ्या मते कारणे दोन. एक, साक्षीदाराच्या शब्दावर विश्वास टाकावयाचा असतो, आणि तो टाकावा की नाही हे नावावरून ठरते. दुसरे, शब्द खोटा ठरला तर जाब विचारावयास माणूस हाती हवा. आता नोडची स्थिती पाहा. तो कोणालाही ‘माझ्यावर विश्वास ठेवा’ असे म्हणत नाही. त्याने पुढे पाठविलेले पान दुसरा नोड पुन्हा पहिल्यापासून तपासतो. खोटे पान पुढे केले तर ते नाकारले जाते आणि संबंध तोडला जातो. जेथे शब्दावर काहीच अवलंबून नाही, तेथे नावाची मागणी करण्याचे कारणही उरत नाही. बेरीज सांगणारा कोण, यावरून बेरीज बदलत नाही. निनावी अर्जाचेही असेच आहे. ‘अमका अधिकारी लबाड आहे’ एवढेच लिहिलेले असेल तर लिहिणाऱ्याचे नाव हवे. परंतु अमक्या तारखेचे, अमक्या क्रमांकाचे देयक दोनदा दिले गेले असे त्यात असेल, तर अभिलेखागारातून दोन कागद काढले की काम झाले. तेथे नावाचा संबंध येतो कोठे?

याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची. एफटीएक्स ही बिटकॉइन व तत्सम नाण्यांची देवघेव करणारी कंपनी नोव्हेंबर २०२२ मध्ये कोसळली. तिचा संस्थापक सॅम बँकमन-फ्रीड काही निनावी नव्हता. नियतकालिकांवर त्याची छायाचित्रे झळकत, अमेरिकी संसदेच्या समितीपुढे त्याने आपल्या नावानिशी साक्ष दिली होती. बंद होत्या त्या त्याच्या वह्या. ग्राहकांच्या ठेवी अन्यत्र वळविल्याबद्दल मार्च २०२४ मध्ये त्याला २५ वर्षांची शिक्षा झाली. लोकांनी नाव पाहून पैसा ठेवला, आणि नावाने वहीची जागा घेतली, तेथेच घात झाला. नाव उघड असणे आणि कारभार उघड असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे आपण वारंवार विसरतो.

आता वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाकडे वळू. लपविण्यासारखे काय आहे? येथे खासगी आणि गुप्त यांत फरक करावयास हवा. दार लावून घेणारा प्रत्येक जण आत कट करीत नसतो. आपण मतदान गुप्त ठेवतो, दानाविषयी तर गुप्ततेला पुण्य मानतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले. शिवाय भय काल्पनिक नाही. जानेवारी २०२५ मध्ये फ्रान्समध्ये लेजर या कंपनीच्या सहसंस्थापकाचे अपहरण झाले आणि खंडणीसाठी त्याचे बोट कापण्यात आले. घरात दागिने असोत वा नसोत, ते असतील असे चोरास वाटणे हेच घातक. नोड चालविणाऱ्याजवळ नाणी असतीलच असे नाही, पण तसा समज होण्यास तेवढे पुरते. मात्र एक गोष्ट स्पष्ट असावी. नाण्यांच्या नफ्यावर २०२२ पासून तीस टक्के कर आहे, आणि घराचा पत्ता झाकल्याने तो देण्याचे कर्तव्य झाकले जात नाही. तो हेतू असेल तर पुढील सारा युक्तिवाद व्यर्थ होय.

याहून अवघड आक्षेप दुसरा आहे. ज्या आवरणाखाली सज्जन जातो, त्याच आवरणाखाली दुर्जनही जातो. टॉरवरच २०११ ते २०१३ या काळात सिल्क रोड हा अमली पदार्थांचा बाजार भरला होता, आणि तेथील चलन बिटकॉइनच होते. गर्दी जितकी मोठी तितके तीत लपणे सोपे. म्हणजे आमचा तरुण आपल्या निरुपद्रवी नोडने ती गर्दी एकाने वाढवितो. त्या गर्दीत छळ होणारा पत्रकार लपतो, तसाच गुन्हेगारही. हा आक्षेप पूर्णपणे फिटतो असे मला वाटत नाही, आणि फिटतो असे भासविणे अप्रामाणिक ठरेल. एवढेच नमूद करतो, की त्याच प्रकरणाच्या तपासातील कार्ल फोर्स आणि शॉन ब्रिजेस या दोन अमेरिकी सरकारी अधिकाऱ्यांनी तपास चालू असताना बिटकॉइन लाटले, आणि उघड खातेवहीतील नोंदींचा माग निघाल्याने २०१५ मध्ये दोघांनाही कारावास झाला. पद, नाव, ओळखपत्र सारे असलेल्यांना त्या वहीने पकडून दिले. आयुष्यभर सरकारी वह्या सांभाळलेल्या माणसास हे वाचून बरेही वाटते आणि लाजही वाटते.

तिसरी गोष्ट लपणाऱ्याच्या स्वतःच्या हिताची. टॉरमधील पत्ता तयार करण्यास काहीच मोल पडत नाही. एकच लबाड माणूस असे हजार पत्ते घेऊन हजार शेजारी होऊन उभा राहू शकतो. नाकामोतोने हे ओळखले होते. म्हणून त्याने डोकी किंवा पत्ते मोजले नाहीत, पान तयार करण्यासाठी खर्ची पडलेले श्रम मोजले. तरीही धोका उरतोच. ज्या नोडचे सारे शेजारी एकाच लबाडाची सोंगे आहेत, त्याला नियमबाह्य पान खरे म्हणून गळी उतरविता येत नाही, कारण ते तो स्वतः तपासतो. परंतु बाहेर लिहिले गेलेले खरे पान त्याच्यापासून दडवून ठेवता येते. पूर्ण आडोशास बसलेल्याला फसविता येत नाही, पण अंधारात ठेवता येते. म्हणून जाणकार सांगतात, की केवळ एकाच वाटेवर विसंबू नये. शेवटच्या पानाची खूण अधूनमधून निराळ्या मार्गाने ताडून पाहावी. माणसांनाही हा सल्ला लागू आहे. एकांत हवा, पण त्याला एक खिडकी असावी.

तेव्हा आमच्या घरापुरता निर्णय मी असा दिला. नोड अवश्य चालवावा, आणि पत्ता झाकूनच चालवावा. कारण तेथे तो कोणाचाही विश्वास मागत नाही. मात्र ज्या दिवशी तो आत्याबाईंना किंवा शेजाऱ्यास ‘यात पैसे घाला, मी सांगतो ना’ असे म्हणेल, त्या दिवशी तो त्यांच्याकडे आपल्या शब्दावरचा विश्वास मागत असेल. तेथे पडदा चालणार नाही. नाव, हिशेब आणि तोटा झाल्यास जाब, तिन्ही द्यावे लागतील. त्याने हे मान्य केले आहे. आत्याबाईंनी मात्र अजून नोड म्हणजे काय ते पुन्हा एकदा समजावून मागितले आहे, आणि ते काम माझ्याकडे आले आहे.