कालबाह्यतेचा कर्ता

इंग्रजीत वस्तूही ‘ओल्ड’ असते आणि माणूसही. मराठीत वस्तू जुनी होते, माणूस म्हातारा होतो. ‘जुना माणूस’ म्हटल्यास वयापेक्षा दीर्घ परिचयाचा बोध होतो. भेद किरकोळ भासला तरी त्यातून एक नैतिक प्रश्न उपस्थित होतो: वस्तूच्या जुनेपणाची परिभाषा माणसाला लावली जाते, तेव्हा नेमके काय घडते?

‘अँटीक’ आणि ‘अँटिक्वेटेड’ ही विशेषणे एकाच लॅटिन कुळातली. पहिल्याने वस्तूचे मोल वाढते, दुसऱ्याने ती अडगळीत जाते. फरक वस्तूच्या वयात नाही. तो तिच्याकडे पाहणाऱ्याच्या गरजेत आहे. परंतु विशेषणाचे व्याकरणच असे की, पाहणाऱ्याचा निवाडा हा वस्तूचा अंगभूत गुण म्हणून वावरू लागतो. ‘सेनेक्स’ म्हणजे वृद्ध. त्यापासून ‘सेनेट’ आले आणि ‘सीनाइल’ही. सतराव्या शतकात ‘सीनाइल’चा अर्थ केवळ वार्धक्यविषयक एवढाच होता. पुढे त्यात बुद्धिभ्रंश शिरला, आणि वय हेच निदान ठरले.

‘ऑब्सोलीट’चे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. मुळात वापरातून हळूहळू जाणे, एवढाच त्याचा आशय. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशात अशा शब्दांपुढे कट्यारीचे चिन्ह असते (चिन्हाची निवड बोलकी आहे!). ‘आर्केइक’ शब्दाला मात्र परतीची वाट मोकळी असते. स्पेन्सरने १५७९ मध्ये आपल्या गोपगीतांत असे शब्द हेतुतः योजले आणि बेन जॉन्सनला ते रुचले नाही. म्हणजे येथेही वादाला जागा होती. १९३२ मध्ये मात्र बर्नार्ड लंडन या अमेरिकन गृहस्थांनी मंदीवर उपाय म्हणून एक पत्रक काढले. वस्तूंना शासनाने आयुर्मर्यादा ठरवून द्यावी आणि मुदत संपताच त्या कायद्याने मृत मानाव्यात, ही त्यांची सूचना. आपोआप होणारी क्रिया येथे धोरण बनली. तरी लंडन यांच्या योजनेत कर्ता उघड होता, हे त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. माणसाला ‘ऑब्सोलीट’ म्हणताना तो लपतो.

रॉबर्ट बटलर यांनी १९६९ मध्ये ‘एजिझम’ हा शब्द घडवून या अन्यायाला नाव दिले. विशेषणे मात्र शाबूतच राहिली.

‘ऑब्सोलीट’साठी आपण ‘कालबाह्य’ हा प्रतिशब्द योजतो. त्यात तर काळच कर्ता असल्याचा आभास होतो. मराठी समीक्षेत एखाद्या लेखकाला कालबाह्य म्हणताना त्याला कोणी, कोणत्या गरजेपोटी आणि कधी वाचणे सोडले, हे सहसा सांगितले जात नाही. प्रस्तुत लेखकानेही ते नेहमी सांगितलेले नाही.