जाच सुटा मोजला की

वरणगावला नळाचे पाणी मध्यरात्री यायचे आणि रात्री दीडच्या सुमारास घरोघरची माणसे ते भरायची. जळगाव जिल्ह्यातल्या या गावची ही साधी गोष्ट एका फौजदारी अपिलात महत्त्वाची ठरली. तिथल्या एका विवाहितेने २००२ मध्ये आत्महत्या केली. स्वयंपाकाला नावे ठेवायचे, टीव्ही पाहू द्यायचे नाहीत, शेजारी किंवा देवळात एकटीला जाऊ द्यायचे नाहीत, सतरंजीवर झोपवायचे, मध्यरात्री पाणी भरायला लावायचे, असे सासरच्यांवर आरोप होते. २००४ मध्ये सत्र न्यायालयाने शिक्षा दिली. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने आरोपींना निर्दोष सोडले. पाणी तर सगळेच रात्री भरत होते. बाकीचे आरोप न्यायालयाच्या मते गंभीर क्रूरतेत बसत नव्हते. शिवाय मृत्यूआधीच्या जवळपास दोन महिन्यांत जाचाची तक्रार माहेरी पोचल्याचा पुरावा नव्हता.

आत्महत्येस प्रवृत्त केल्याच्या आरोपातून, म्हणजे कलम ३०६ मधून, झालेली सुटका मला योग्य वाटते. त्या कलमाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा आहे आणि त्यासाठी चिथावणी, कट किंवा जाणूनबुजून केलेले साहाय्य यांपैकी काहीतरी सिद्ध व्हावे लागते. लग्नाला सात वर्षे झालेली नसतील आणि क्रूरता सिद्ध झाली असेल, तर त्या वेळच्या पुरावा कायद्याचे कलम ११३-अ न्यायालयाला तसे गृहीत धरण्याची मुभा देत होते. पण ती मुभाच, सक्ती नाही. हुंडाबळीच्या गृहीतकाइतका जोर तिच्यात नाही.

अडते ते कलम ४९८-अ वर, म्हणजे सासरच्या क्रूरतेच्या कलमावर. छत्तीसगडच्या एका खटल्यात, २००१ साली, सर्वोच्च न्यायालयाने या दोन कलमांतला फरक नेमका दाखवला होता. भांडणाच्या भरात नवरा बायकोला म्हणाला होता, तुला काय करायचे ते कर, कुठे जायचे तिथे जा. रागात निघालेले असे शब्द म्हणजे चिथावणी नव्हे, असे सांगून न्यायालयाने ३०६ ची शिक्षा रद्द केली. क्रूरतेची शिक्षा मात्र कायम ठेवली. मरणाचा दोष सिद्ध झाला नाही म्हणून जगतानाचा जाच पुसला जात नाही.

वरणगावच्या निकालात मला हेच खटकते. सतरंजी, टीव्ही, देऊळ हे सुटे सुटे तोलले तर कुठलेच गुन्ह्याइतके जड भरणार नाही. सासुरवास कधी सुटा नसतोच. तो रोज थोडा थोडा असतो. १९८३ मध्ये ४९८-अ आणले तेव्हा मानसिक आरोग्याला होणारी गंभीर इजाही क्रूरतेच्या व्याख्येत घेतली ती याचसाठी.

तरीही सगळा दोष अपिलाच्या न्यायासनावर टाकणे सोपे होईल. वीस वर्षांनी न्यायाधीशांसमोर असतात ती फक्त कागदे. त्यांत आई, काका, मावशी यांचे जबाब एकाच साच्यातले: ‘शारीरिक व मानसिक छळ केला.’ कोणी, कधी, काय म्हणून, याचा पत्ता नाही. शेजाऱ्यांना कोणी धड विचारलेले नसते. नणंद, दीर, दूरची चुलत सासू या सगळ्यांची नावे फिर्यादीत घातलेली, म्हणून खऱ्या आरोपावरचाही विश्वास उडतो. भलत्याच नातलगांना वर्षानुवर्षे तारखांना हेलपाटे घालावे लागतात, हाही अन्यायच. हरियाणातल्या एका आरोपीची ३०६ मधून सुटका २०२४ मध्ये झाली. त्याच्या पत्नीची आत्महत्या १९९३ ची होती.

आता ही कलमे भारतीय न्याय संहितेत ८५, ८६ आणि १०८ झाली आहेत. आकडे बदलले, तपासाची रीत तीच राहिली तर २०४५ मध्येही अशीच अपिले चालतील. मृत्यूनंतरच्या पहिल्या पंधरवड्यात शेजाऱ्यांचे वेगवेगळे जबाब, फोनचे तपशील, तिने लिहिलेले काहीही, दवाखान्याचे कागद, एवढे जमवणे कुठल्याही पोलीस ठाण्याच्या आवाक्याबाहेरचे नाही.

आणि एक विनंती माहेरच्यांना. अशा खटल्यांत पहिली फिर्याद बहुतेकदा मृत्यूनंतरची असते. त्याआधी असते ती समजूत काढून परत पाठवणी. मुलगी जाच सांगू लागली की मध्यस्थांची बैठक नंतर बोलवा. आधी तिला घरगुती हिंसाचार कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याकडे न्या आणि तिचे म्हणणे तारखांसह, तिच्याच शब्दांत, लिहून घ्यायला लावा.