आखूड झालेला श्वास

शास्त्रपाठ : निर्गम ६:१–१३



मोशे मिसर देशात परत आला आणि त्याने इस्राएल लोकांना देवाचा निरोप सांगितला. पिढ्यान्‌पिढ्या गुलामीत राबणाऱ्या त्या लोकांना याहून मोठी सुवार्ता कोणी आणली नव्हती. तुमची सुटका होणार, देव तुम्हांस आपली प्रजा करून घेणार, पूर्वजांना वचन दिलेला देश तुमचा होणार. आणि नवव्या वचनात काय आहे? लोकांनी मोशेचे ऐकले नाही.

या वचनावर मी तरुणपणी दोनदा उपदेश केला आहे, आणि दोन्ही वेळा इस्राएल लोकांच्या अविश्वासावर कडक बोललो. परंतु शास्त्र तेथे अविश्वास हा शब्द वापरतच नाही. शास्त्र दोन कारणे देते. एक, कठोर दास्य. दुसरे कारण मूळ इब्री भाषेत ‘कोत्सेर रूआख’ असे आहे. रूआख म्हणजे वारा, श्वास आणि आत्माही. कोत्सेर म्हणजे आखूडपणा. भाषांतरांत याचा अर्थ बहुधा मनाचा क्लेश किंवा मन खचणे असा येतो, व तो चुकीचा नाही. परंतु अकराव्या शतकातील थोर यहूदी भाष्यकार राशी याने याचा अगदी साधा अर्थ सांगितला आहे. जो संकटात सापडतो त्याचा श्वास आखूड होतो, त्याला लांब श्वास घेता येत नाही. म्हणजे ते लोक हट्टी नव्हते. त्यांना दम लागला होता. मागच्याच अध्यायात फारोने त्यांचा पेंढा बंद केला होता आणि विटांची संख्या मात्र तीच ठेवली होती. आपल्या बीदर, कलबुर्गीकडची जी कुटुंबे उचल घेऊन वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीला जातात त्यांना हा अध्याय समजावून सांगावा लागत नाही.

आता मला स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे.

सन २०१९ च्या पावसाळ्यात एका रविवारी मी फिलिप्पैकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायातील सहाव्या वचनावर, म्हणजे कशाचीही चिंता न करण्याविषयी, बोलत होतो. आमच्या मंडळीत अनेक वर्षे शब्बाथशाळा घेणाऱ्या एक बाई त्या दिवशीही मध्येच उठून बाहेर गेल्या. काही महिने त्यांचे असे चालले होते. छाती भरून येते, श्वास घेतला तरी पुरा होत नाही, पुन्हापुन्हा उसासा टाकावा लागतो, असे त्या म्हणत. उपासना सुटल्यावर मी त्यांना चार लोकांसमोर म्हणालो, “बाई, प्रभूवर भार टाकलेल्या माणसाला धाप कशी लागेल? प्रार्थनेत कुठेतरी कमी पडताय तुम्ही.” त्या एवढेच म्हणाल्या, “होय, मास्तर.” पुढच्या महिन्यात त्यांनी वर्ग सोडला. मला वाटले, माझा उपदेश त्यांना लागला. लागला होताच.

त्यानंतर कोरोनाचा काळ आला. या रोगाने भारतात घेतलेला पहिला बळी आपल्याच भागातला होता हे आपणांस आठवत असेल. कलबुर्गीचे ७६ वर्षांचे एक गृहस्थ १० मार्च २०२० रोजी वारले आणि दोन दिवसांनी त्यांच्या आजाराचे निदान जाहीर झाले. त्या दिवसापासून आपल्याकडे ज्याला त्याला आपला श्वास मोजण्याची सवय लागली. दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या मे महिन्यात, माझे थोरले बंधू गेले. मला त्यांच्याजवळ जाऊ दिले नाही. शेवटचे बोलणे फोनवर झाले, आणि त्यात शब्द कमी व श्वासाचा आवाज जास्त होता.

जूनपासून मला रात्री श्वास पुरेनासा झाला. अंथरुणावर पडलो की कोणी छातीवर जाते ठेवल्यासारखे वाटे. बोटांना मुंग्या येत, ओठ बधिर होत, आता आपण जातो असे वाटे. घरात ऑक्सिमीटर होता. तो बोटाला लावावा तर ९८ दाखवी. पाच मिनिटे बरे वाटे, मग पुन्हा लावावा. एका रात्री पत्नीने मोजले, मी तेवीस वेळा बोट घातले होते. क्ष-किरण फोटो झाला, हृदयाचा आलेख झाला, रक्त तपासले. सर्व ठीक. मंडळीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी मायेने माझ्या खांद्यावर हात ठेवला व म्हणाले, “मास्तर, विश्वास वाढवा.” माझेच वाक्य माझ्याकडे परत आले होते.

बीदरला ज्या डॉक्टरांनी मला शेवटी तपासले त्यांनी फोटो बाजूला ठेवून विचारले, “घरातलं कोण गेलं?” मी सांगितले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मास्तर, तुम्हाला हवा कमी पडत नाही, जास्त होते. तुम्ही घेताय फार, सोडत नाही.”

त्यांनी जे समजावले ते मी येथे माझ्या शब्दांत देतो, कारण आपल्या पुष्कळ घरांत हे ठाऊक नाही. भय वाटले की शरीर पळण्याची तयारी करते. श्वास जलद आणि छातीच्या वरच्या भागातून होऊ लागतो. परंतु आपण तर अंथरुणावर असतो, पळत नसतो. अशा वेळी रक्तातील कर्बवायू, जो उच्छ्वासातून बाहेर जातो, तो प्रमाणाबाहेर कमी होतो. त्यामुळेच चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात, छाती आवळते, आणि नवल असे की हवा पुरत नाही असेच वाटते. म्हणून माणूस आणखी जोराने श्वास ओढतो आणि त्रास आणखी वाढतो. भयाने श्वास बिघडतो, बिघडलेल्या श्वासाने भय वाढते. हे ढोंग नव्हे, मनाचे खेळही नव्हेत. मुंग्या खऱ्या असतात, आवळणे खरे असते. जेकब डा कोस्टा नावाच्या अमेरिकन डॉक्टरने तेथील यादवी युद्धातील सैनिकांविषयी १८७१ साली असेच लिहून ठेवले. धडधड, धाप, छातीत दुखणे ही सारी लक्षणे असूनही अनेकांच्या हृदयात तशी व्याधी सापडत नव्हती. ते भित्रे नव्हते. ते लढाईवरून आलेले होते.

मात्र येथे एक गोष्ट ठासून सांगतो. प्रत्येक धाप चिंतेची नसते, आणि ते ठरवणे उपदेशकाचे काम नव्हे. आमच्याकडे तुरीची रास करताना मळणी यंत्रापुढे दिवसभर उभे राहणाऱ्याच्या छातीत धूळ जाते. तुराट्या जाळून चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या बायांच्या छातीत वर्षानुवर्षे धूर जातो. दमा, क्षयरोग, हृदयाचा आजार, अंगात रक्त कमी असणे, या सर्वांत धाप लागते. चालताना किंवा चढ चढताना धाप वाढते, छातीत घरघर होते, पाय सुजतात, ताप व खोकला हटत नाही, वजन उतरते, थुंकीतून रक्त येते, अशांपैकी काहीही असेल तर आधी दवाखाना. छातीतील कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जात असेल तर त्याच घटकेला दवाखाना. पुष्कळांना दमा व चिंता दोन्ही असतात. एक आहे म्हणून दुसरे नाही असे होत नाही. आणि कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जो जुना उपाय कोणी सांगतात तो करू नये. दमा किंवा हृदयाचा आजार असेल तर तो घातक ठरू शकतो.

पुन्हा शास्त्राकडे वळू. लोकांनी ऐकले नाही, तेव्हा परमेश्वराने काय केले? अध्याय पुढे वाचा. त्याने लोकांना दोष दिला नाही. तोच उपदेश मोठ्या आवाजात पुन्हा करण्यास मोशेला सांगितले नाही. दहाव्या व अकराव्या वचनांत तो मोशेला म्हणतो की फारोकडे जा. ज्याने ओझे लादले त्याच्याकडे देव आपल्या सेवकाला पाठवतो. ज्यांना दम लागला होता त्यांना दम लागलेलाच असताना त्याने बाहेर काढले. आधी श्वास लांब करा, मग सोडवीन, असे म्हटले नाही.

ईयोबानेही नवव्या अध्यायात तक्रार केली आहे की देव मला श्वास घेऊ देत नाही. त्याच्या मित्रांना हे बोलणे फार खटकले. पण शेवटच्या अध्यायात देवाचा कोप त्या उपदेश करणाऱ्या मित्रांवर झाला, ईयोबावर नव्हे. मी तो अध्याय आता जपून वाचतो.

मग फिलिप्पैकरांस लिहिलेल्या त्या वचनाचे काय? ते खरे आहे आणि मला प्रिय आहे. पण ते पौलाने बंदिवासातून, आपल्या प्रीतीच्या माणसांना लिहिले आहे; उठून बाहेर गेलेल्या बाईच्या पाठीवर मारण्यासाठी नव्हे. तेथे चिंतेसाठी जो ग्रीक शब्द आहे त्याच कुळातला शब्द पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्रात, अकराव्या अध्यायाच्या अठ्ठाविसाव्या वचनात स्वतःसाठी वापरतो. सर्व मंडळ्यांविषयीची चिंता रोज माझ्यावर दाटून येते, असा त्याचा भाव आहे. याचा अर्थ पौलाचा विश्वास कमी होता असे कोणी म्हणेल काय?

योहानाच्या विसाव्या अध्यायात शिष्य भयाने दारे लावून बसले आहेत. प्रभू दार उघडण्याची वाट पाहत नाही, आत येऊन उभा राहतो, शांती देतो, हातांच्या जखमा दाखवतो आणि त्यांच्यावर श्वास फुंकतो. आठ दिवसांनी पुन्हा ते आत आहेत, आणि दारे अजून बंदच आहेत! ज्यांनी प्रभूचा श्वास घेतला त्यांचीही कडी आठवड्यात निघाली नाही. प्रभू पुन्हा आला. दारांविषयी तो एक शब्दही बोलल्याचे योहान लिहीत नाही.

मला डॉक्टरांनी सांगितले ते असे. ऑक्सिमीटर घरातून काढून द्यायचा. दिवसातून दोनदा, बरे वाटत असताना, एक हात पोटावर ठेवून नाकाने हळू श्वास घ्यायचा, पोट वर येऊ द्यायचे, आणि घेतला त्यापेक्षा लांब सोडायचा. तीन मोजत घ्यावा, सहा मोजत सोडावा. सराव चांगल्या दिवसांत केला तर वाईट रात्री कामी येतो. मी मोजण्याऐवजी प्रभूची प्रार्थना म्हणतो, एकेका उच्छ्वासाबरोबर एकेक वाक्य. काही महिने गोळ्याही घेतल्या, आणि डॉक्टरांनी सांगितल्यावरच हळूहळू बंद केल्या. गोळी घेणे म्हणजे प्रभूला सोडणे, असे आपल्यात अजून कुजबुजले जाते. चष्मा लावून शास्त्र वाचणारेच असे बोलतात, याची मला गंमत वाटते. ज्यांना डॉक्टरांपर्यंत जाण्याचा संकोच वाटतो त्यांच्यासाठी सरकारची टेलि-मानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर मराठीत व कन्नडमध्येही बोलता येते, पैसे पडत नाहीत. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी हा क्रमांक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. परीक्षेच्या दिवसांत मुलांचेही श्वास आखडतात.

बंधूंविषयी मी कोणाजवळ रडलो नव्हतो. उपदेशकाने कसे रडावे? पत्नीजवळ आणि पाळकसाहेबांजवळ जेव्हा बोललो तेव्हापासून रात्री थोड्या सोप्या झाल्या. सर्व गेले असे म्हणत नाही. मे महिना आला की अजूनही छाती भरते.

२०२२ च्या नाताळाआधी मी त्या बाईंच्या घरी गेलो व क्षमा मागितली. त्यांनी चहा ठेवला. मग म्हणाल्या, “मास्तर, तुम्ही बोललात त्या दिवशी माझं रक्त सात पॉइंट होतं. मलाच ठाऊक नव्हतं, तुम्हाला कुठून असणार?” वर्षभर त्या सगळ्यांनाच प्रार्थनेत कमी पडत असल्याचे सांगत राहिल्या होत्या आणि दवाखान्यात गेल्या नव्हत्या. रक्त वाढल्यावर अर्धी धाप गेली. उरलेली अर्धी हैदराबादला कामाला असलेल्या मुलाच्या कर्जाची होती, आणि ती कोणाजवळ बोलायची त्यांना लाज वाटत होती.

आता त्या पुन्हा वर्ग घेतात. त्यांचा वर्ग देवळाच्या मागच्या दाराशी, खिडकीखाली बसतो. कधी मध्येच त्या उठून पायरीवर जाऊन बसतात. तेव्हा वर्गातली एक मुलगी पाण्याचा तांब्या त्यांच्याजवळ नेऊन ठेवते, परत येते, आणि गोष्ट जिथे थांबली होती तिथून पुढे वाचू लागते.