पुतळ्यांच्या बागेत प्रार्थना करावी काय?

प्रवासात असता ख्रिस्ताच्या पुतळ्यांनी सजविलेली प्रार्थनेची बाग वाटेत लागली, तर आपण आत जावे काय? आत गेलोच, तर त्या पुतळ्यांपुढे उभे राहून प्रार्थना करावी काय? प्रश्न लहान दिसतो. पण दुसरी आज्ञा लहानपणीच पाठ केलेल्या आपल्यासारख्या लोकांना तो टाळून पुढे जाता येत नाही. शब्बाथ शाळेतील एखाद्या चौकस मुलाने तो विचारला, तर शिक्षकाजवळ उत्तर असावयास हवे.

पूर्वी आपला प्रवास म्हणजे अधिवेशन, लग्नकार्य किंवा मिशन हॉस्पिटलची वारी एवढाच असे. आता मंडळीची सहल गोव्यास जाते व जुन्या गोव्यातील मोठमोठी देवळे पाहून येते. कोणी यरुशलेमेस जातो, कोणी नोकरीनिमित्त परदेशी गेलेल्या मुलाकडे चार महिने राहून येतो. अशा वेळी आपल्या लोकांत दोन प्रकार दिसतात. एक जण पुतळा पाहताच फाटकापाशी थबकतो आणि आत गेलेल्यांविषयी मनात कठोर विचार करतो. दुसरा आत जातो, सर्वांबरोबर हात जोडतो, फोटो काढतो आणि पुढील गाडी पकडतो. पहिल्याला आपण निष्ठावंत म्हणतो व दुसऱ्याला उदार. परंतु आपण येथे काय करीत आहो हा विचार दोघांपैकी एकानेही केलेला नसतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मोहावी वाळवंटाच्या कडेला, युका व्हॅली नावाचे गाव आहे. तेथील टेकडीच्या उतारावर डेझर्ट ख्राइस्ट पार्क म्हणजे वाळवंटातील ख्रिस्ताची बाग आहे. तिचा इतिहास ऐकण्यासारखा आहे. अँटोन मार्टिन नावाचा एक कारागीर विमानांच्या उद्योगात साचे बनविण्याचे काम करी. त्याने आपल्या घराच्या अंगणात सिमेंट काँक्रीटचा, लोखंडी सळयांच्या आधाराचा, सुमारे दहा फूट उंच ख्रिस्ताचा पुतळा घडविला. ग्रँड कॅन्यन या सुप्रसिद्ध दरीच्या काठावर तो उभा राहावा अशी त्याची इच्छा होती. पण ती जागा सरकारी. तेथे धार्मिक पुतळ्यास परवानगी मिळाली नाही. तेव्हा युका व्हॅलीचे पाळक एडी गार्व्हर यांनी त्या पुतळ्यास आपल्याकडे जागा दिली. १९५१ च्या ईस्टरच्या सुमारास तो पुतळा तेथे उभा राहिला.

दुसरे महायुद्ध संपून सहा वर्षेही झाली नव्हती आणि अणुबाँबची धास्ती घरोघरी होती. अशा दिवसांत शांतीचा संदेश देणारे काही उभारावे ही त्या दोघांची तळमळ होती. मार्टिन पुढे तेथेच राहिला आणि १९६१ साली मरेपर्यंत पुतळे घडवीत राहिला. डोंगरावरील प्रवचन, मुलांना आशीर्वाद देणारा प्रभू, गेथशेमाने बाग, रिकामी कबर असे शुभ्र पुतळे त्या रखरखीत उतारावर उभे राहिले. त्यांतच प्रभूच्या शेवटच्या भोजनाची एक प्रचंड उठावाची भिंत आहे. तिचे वजन सुमारे १२५ टन सांगतात. १९९२ च्या जून महिन्यात त्या भागात मोठा भूकंप झाला आणि बागेतील अनेक पुतळ्यांची मोडतोड झाली. त्यानंतर श्रद्धाळू व हौशी लोकांनी बरेचसे पुतळे दुरुस्त केले.

त्या भोजनाच्या भिंतीत ख्रिस्ताच्या आकृतीजवळ एक खिडकी ठेवलेली आहे. प्रवाशाने मागच्या बाजूने वर जावे, खिडकीतून तोंड काढावे आणि खालून दुसऱ्याने फोटो काढावा, अशी ती सोय. घरी आल्यावर हा फोटो पाहुण्यांना दाखविता येतो : पाहा, मी प्रभूच्या शेजारी!

या खिडकीवर रागावण्याचे कारण नाही. परंतु तिच्यापाशी थोडे थांबावे. त्या रात्री मेजाभोवती कोण कोण बसले होते? जिवाला जीव देईन असे म्हणणारा आणि पहाटेपूर्वी तीनदा नाकारणारा पेत्र तेथे होता. आपल्यात मोठा कोण याचा वाद त्याच मेजावर झाला, असे लूक सांगतो. यहूदाचा हातही त्याच ताटात होता. प्रभूने विश्वासघाताविषयी सांगितले तेव्हा प्रत्येक शिष्य खिन्न होऊन, तो मी तर नाही ना, असे विचारू लागला, हे मत्तयाने लिहून ठेवले आहे. म्हणजे प्रभूच्या शेजारची जागा मिरविण्याची नव्हे, ती स्वतःला तपासण्याची जागा होती. खिडकीतून तोंड काढणाऱ्याच्या मनात शिष्यांचा हा प्रश्न आला, तर ती भिंत त्याला उपदेश करील. न आला, तर १२५ टनांचे काँक्रीटही त्याला काही शिकवू शकणार नाही.

आता शास्त्राकडे वळू. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात कोरीव मूर्ती करण्यास व तिच्या पाया पडण्यास मनाई आहे. ही आज्ञा सैल करण्याचा अधिकार कोणाला नाही. पण त्याच ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात कोशावर सोन्याचे दोन करूब घडविण्याची आज्ञा आहे. आणि एकतिसाव्या अध्यायात देव बसालेलास आपल्या आत्म्याने भरून कारागिरीचे दान देतो. तेव्हा कारागिराच्या हाताचा देवाला तिटकारा नाही हे उघड आहे.

पितळेच्या सापाची गोष्ट तर याहून बोलकी आहे. गणनेच्या एकविसाव्या अध्यायात मोशे देवाच्या सांगण्यावरून साप करून खांबावर ठेवतो. त्याकडे पाहणारे वाचतात. पुढे कित्येक शतकांनी हिज्कीया राजा तोच साप फोडून टाकतो आणि २ राजे, अध्याय १८ मध्ये त्याची प्रशंसा होते. पितळ तेच होते, घडविणाराही देवाचा सेवक होता. मग बदलले काय? लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले होते. ज्या वस्तूने देवाकडे बोट दाखवावयाचे ती स्वतःच शेवटची थांबण्याची जागा झाली, म्हणून ती गेली.

ख्रिस्ती मंडळीत हा वाद फार जुना आहे. इ.स. ६०० च्या सुमारास मार्सेयच्या बिशपाने देवळातील चित्रे व मूर्ती फोडल्या, तेव्हा पोप ग्रेगरी यांनी त्याला लिहिले की, त्यांची पूजा होऊ दिली नाहीस हे ठीक, पण त्या फोडल्यास हे चूक. कारण ज्यांना वाचता येत नाही ते त्यांतूनच शिकतात. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरावलीने नेमकी हीच सबब नाकारली. देवाला आपल्या लोकांना मुक्या मूर्तींनी नव्हे, तर वचनाच्या जिवंत उपदेशाने शिकवावयाचे आहे, असा तिचा आशय आहे. आणि लूथर? विटेनबर्गमध्ये मूर्ती फोडण्याची लाट आली तेव्हा १५२२ च्या मार्चमध्ये तो परत आला आणि त्याने उपदेश करून ती दांडगाई थांबविली. पुढे १५२५ मध्ये त्याने असा मुद्दा मांडला की, ख्रिस्ताच्या दुःखसहनाचे वर्णन ऐकताच माझ्या अंतःकरणात चित्र उमटतेच. मग अंतःकरणात जे पाप नाही ते डोळ्यांपुढे आले की पाप का व्हावे?

ही तीन मते एकमेकांना छेद देतात, आणि तिन्हींत सत्याचा अंश आहे. आपल्या घरच्या भिंतीकडे पाहिले म्हणजे हे पटते. वॉर्नर सॉलमन या अमेरिकन चित्रकाराने १९४० मध्ये रंगविलेले ख्रिस्ताचे मुखचित्र आपल्या किती घरांत टांगलेले आहे! त्याच्या पन्नास कोटींहून अधिक प्रती निघाल्या असे सांगतात. पुतळ्याला नाक मुरडणारा मनुष्य या चित्राखाली बसून कौटुंबिक प्रार्थना करतो आणि त्याला काही वावगे वाटत नाही. आपल्या मुलांना डोळे मिटून येशूचे रूप विचारा. बहुतेक मुले हेच गोरे मुख आणि हेच लांब तपकिरी केस सांगतील. मूर्ती नसली तरी प्रतिमा मनात बसली, आणि ती परदेशातून छापून आली!

येथे आंजेलो दा फोन्सेका यांची आठवण होते. १९०२ मध्ये गोव्यात जन्मलेल्या या कॅथॉलिक चित्रकाराने शांतिनिकेतनच्या परंपरेत शिक्षण घेतले आणि मरियेला साडी नेसविलेली, आपल्या मातीतल्या माणसांसारखी रंगविली. गोव्यातील अनेकांना ते रुचले नाही. त्यांना आश्रय मिळाला तो पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात, म्हणजे अँग्लिकन लोकांत. १९६७ साली त्यांचे निधन झाले. साडीतली मरिया पाहून लोक अस्वस्थ झाले, कारण ती शेजारणीसारखी दिसत होती. दूरदेशीच्या राणीसारखी मरिया चालते. पाणी भरून येणाऱ्या बाईसारखी का चालू नये?

या प्रश्नातच मला उत्तराची वाट दिसते. देवाने आपली प्रतिमा करण्यास मनाई का केली? याची कारणे पुष्कळ सांगता येतील. पण एक कारण पवित्र शास्त्राच्या पहिल्याच पानावर आहे. देवाची प्रतिमा आधीच घडविली गेली आहे, आणि ती स्वतः देवाने घडविली आहे. उत्पत्ति १:२७ सांगते की, देवाने मनुष्य आपल्या प्रतिरूपाचा निर्माण केला. म्हणूनच याकोब आपल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात, ज्या जिभेने देवाची स्तुती करतो तिनेच त्याच्या प्रतिरूपाच्या माणसांना शाप देतो, याबद्दल आपल्याला खडसावतो. योहान तर विचारतो की, डोळ्यांपुढच्या भावावर जो प्रीती करीत नाही, तो न पाहिलेल्या देवावर प्रीती कशी करील? ख्रिस्ताला कोठे पाहावे हे मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात प्रभूने स्वतःच सांगितले आहे : भुकेल्यात, परक्यात, उघड्यात, आजाऱ्यात, बंदिवानात. त्या यादीत काँक्रीट नाही.

हे आम्हांला बैहर येथे रोज डोळ्यांपुढे दिसते. कान्हाच्या मुक्की दरवाजाकडे जाणाऱ्या प्रवाशांच्या गाड्या आमच्या भागातून जातात. दूरवरून माणसे वाघ पाहण्यास येतात, आणि त्यात गैर काही नाही. वाघही देवाच्याच हातचा. पण त्याच रस्त्याच्या कडेने डोक्यावर मोळी घेतलेली बैगा बाई चाललेली असते. गाडीच्या काचेतून ती दिसते, पण तिला पाहिले जात नाही. वाघ दिसला नाही तर प्रवासी हळहळतो. देवाची प्रतिमा हातभर अंतरावरून निघून गेली याची हळहळ कोणाला होत नाही. आणि आम्ही येथे राहणारे तरी किती पाहतो? रविवारी आपल्या बाकावर बसून सुंदर प्रार्थना करणारा मनुष्य आठवड्याच्या बाजारात त्याच बाईशी महुआच्या भावावरून कसा बोलतो, यावरून त्याला प्रतिमेचा मान किती ठाऊक आहे ते कळते.

मग एखाद्या मंडळीने आपल्या आवारात अशी पुतळ्यांची बाग करण्याचे ठरविले तर? याचे उत्तर सर्व ठिकाणी एक असणार नाही. आमच्या आसपास गोंड बांधव साजाच्या झाडापाशी बडादेवाची आठवण करतात. ती त्यांची पूर्वापार श्रद्धा आहे. तिची टवाळी करणे ख्रिस्ती माणसाला शोभत नाही. पण त्यांच्यापैकी जो नुकताच ख्रिस्ताकडे आला आहे, ज्याने त्यासाठी घरच्यांची नाराजी सोसली आहे, त्याला चर्चच्या दारात पुतळा दिसला तर तो काय समजेल? एक देवस्थान सोडून दुसऱ्याकडे आलो, एवढेच. १ करिंथकर, अध्याय ८ मध्ये पौल मूर्तीच्या नैवेद्याविषयी लिहितो. मूर्ती काही नाही हे ज्ञान त्याला आहे. तरीही अशक्त भावाला अडखळण होत असेल तर मी मांस कधीही खाणार नाही, असे तो ठरवतो. युका व्हॅलीच्या वाळवंटात जे निर्दोष असेल, ते बैहरात निर्दोष असेलच असे नाही. नियम बदलला म्हणून हे घडत नाही. शेजारी बदलला म्हणून घडते. ज्या बागेमुळे माझा भाऊ अडखळेल ती मी बांधणार नाही. आणि ज्या बागेतून दुसऱ्या गावचा भाऊ प्रभूकडे वळतो, तिच्यावर मी हातोडाही उगारणार नाही.

तरी प्रार्थनेसाठी जागा असावी ही इच्छा वाईट नाही. प्रभू स्वतः गेथशेमाने बागेत वारंवार जात असे, असे योहान लिहितो. शोमरोनी स्त्रीला त्याने सांगितले की खऱ्या उपासनेला हा डोंगर किंवा यरुशलेम लागत नाही. पण तरी त्याला एकांत लागे. मंडळीच्या आवारात दोन-चार सावलीची झाडे, एक बाक, पाटीवर एखादे वचन, आणि तेथे मोठ्याने न बोलण्याचा रिवाज, एवढ्यानेही बाग होते. सागर-साळाच्या भव्यतेची गरज नाही. आंब्याच्या एका झाडानेही भागते.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांस दोन सूचना कराव्याशा वाटतात. मुलांना येशूचे एकच चित्र दाखवू नये; निरनिराळ्या देशांच्या चित्रकारांनी काढलेली तीन-चार दाखवावी. म्हणजे यांतले एकही चित्र प्रभूचा फोटो नव्हे हे न सांगता त्यांना समजेल. आणि सहलीत पुतळ्यांची बाग लागली तर मुलांना फाटकाबाहेर उभे करू नये. आत न्यावे, पुतळा कोणत्या प्रसंगाचा आहे ते विचारावे, शुभवर्तमानातला तो भाग तेथेच वाचावा. मग पुतळ्याकडे तोंड न करता एकमेकांकडे तोंड करून वर्तुळात उभे राहावे आणि प्रार्थना करावी. असे उभे राहिले म्हणजे प्रत्येकाच्या समोर देवाने घडविलेली प्रतिमा येते.

भूकंपात मोडलेला पुतळा काँक्रीटने सांधता येतो, आणि ज्यांनी तो सांधला त्यांचे कौतुकच करावे. पण आपल्या अवतीभोवती मोडलेल्या प्रतिमा पुष्कळ आहेत. दारूने खचलेला बाप आहे, सुनेने टाकलेली सासू आहे आणि सासूने छळलेली सूनही आहे. खाणीच्या धुळीने खोकणारा मजूर आहे, शाळा सुटलेली मुलगी आहे. यांना सांधण्याचे काम परदेशीचा कोणी कारागीर येऊन करणार नाही. प्रवासाहून परतल्यावर पहिल्या आठवड्यात आपण यांपैकी कोणाच्या दारी गेलो, यावरून आपण त्या बागेत खरोखर प्रार्थना केली की नाही हे ठरेल.