कृत, कारित आणि वकील

दशलक्षण पर्वात उत्तम सत्याचा दिवस आला, की प्रवचनात वकिलांना एखादा तरी चिमटा बसतोच. ‘खोट्याचं खरं करून पोट भरणारी जात’ असं कुणीतरी म्हणतं, बायका हसतात, आणि पुढच्या रांगेतले दोन वकीलही हसतात. हसावं, त्यात काही वावगं नाही. पण आपल्या या बेळगाव-कोल्हापूरच्या पट्ट्यात दक्षिण महाराष्ट्र जैन सभेसाठी आयुष्यभर झटलेले अण्णासाहेब लठ्ठे वकीलच होते, हे हसताना विसरू नये. आणि आता तर समाजातल्या मुली कायदा शिकून लंडनला, सिंगापूरला, हेगला जायला लागल्या आहेत. कुणी कंपन्यांच्या लवादात काम करते, कुणी मुलांच्या ताब्याचे खटले बघते, कुणी युद्धगुन्ह्यांचे. त्यांच्या आया दबक्या आवाजात विचारतात, “या धंद्यात राहून सत्याणुव्रत टिकतं का हो?” हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे, बाजू घेणं हे खोटं बोलणं नव्हे. वस्तूच्या एका अंगाकडे बघून केलेल्या कथनाला आपल्याकडे ‘नय’ म्हणतात. नय खोटा नसतो. तो अपुरा असतो. एकच नय धरून ‘सत्य ते एवढंच’ असं म्हटलं, की तो दुर्नय होतो. वकील उघडपणे सांगतो की मी या बाजूनं बोलतोय. दुसऱ्या बाजूनं बोलायला दुसरा उभा असतो, आणि दोन्ही ऐकून घ्यायला न्यायाधीश बसलेला असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर तोक्योला जपानी नेत्यांवर खटला चालला, तेव्हा जपानी वकिलांच्या जोडीला अमेरिकी वकीलही आरोपींच्या बाजूनं उभे राहिले. कालपर्यंत ज्यांच्याशी लढाई होती, त्यांच्यासाठी! म्हणून ‘वाईट माणसाचं वकीलपत्र घेतलं’ एवढ्यावरून कुणाचं व्रत मोडत नाही.

मग मोडतं कशानं? उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. पाठशाळेत आपण ते घोकले आहेत. तेव्हा ते दुकानदाराला, सावकाराला सांगितलेत असं वाटायचं. आज परदेशी वकिलांच्या बातम्या वाचताना वाटतं, हे तर यांच्यासाठीच सांगितले असावेत. कारण गावातल्या वकिलावर कोर्ट आहे, बार कौन्सिल आहे, चारचौघांची लाज आहे. देशाच्या सीमेपलीकडे सगळ्यांना मिळून एक पोलीस नाही, सगळ्या वकिलांना मिळून एक नियमही नाही. तिथं बराचसा भरवसा माणसाच्या स्वतःच्या मर्यादेवरच.

पहिला अतिचार मिथ्योपदेश, म्हणजे चुकीचा मार्ग दाखवणारा सल्ला. आपल्या किती घरांतल्या मुली अमेरिकेत, इंग्लंडमध्ये, ऑस्ट्रेलियात दिलेल्या आहेत! त्यातल्या एखादीचा संसार फिसकटला, की तिच्या मनात पहिला विचार येतो, लेकराला घेऊन माहेरी यावं. १९८० चा हेगचा एक करार आहे. सोळा वर्षांखालचं मूल एका पालकानं दुसऱ्याच्या हक्काविरुद्ध परदेशी नेलं, तर ते जिथं राहत होतं त्या देशात परत पाठवायचं आणि ताब्याचा वाद तिथंच सोडवायचा, असा त्याचा गाभा. शंभरावर देश त्यात आहेत, भारत नाही. करार करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर मूल पळवणारा बाप होता. आज मूल घेऊन जाणाऱ्यांत चारपैकी जवळजवळ तीन आया असतात. आता अशा बाईला एखादा वकील सांगतो, “भारत करारात नाही. विमानात बसा, तुम्हाला कुणी हात लावणार नाही.” पहिलं वाक्य खरं आहे. त्याच्या आधारानं केलेलं दुसरं वाक्य खरं नाही.

कारण आपलं सर्वोच्च न्यायालय प्रत्येक मुलाचं हित वेगळं तपासतं. १९८६ मध्ये बापानं अमेरिकेहून पुण्याला आणलेलं मूल न्यायालयानं अमेरिकी आईकडे परत दिलं. २०१७ मध्ये सांगितलं की परदेशी कोर्टाचा हुकूम हा विचारात घ्यायच्या अनेक गोष्टींपैकी एक. मुलाचं हित सगळ्यात वर. त्यानंतरही काही मुलांना परत पाठवण्याचे निकाल झालेच. शिवाय इकडे काहीही होवो, तिकडच्या कोर्टात तिच्या माघारी ताब्याचा हुकूम निघू शकतो, अटकेचं वॉरंट निघू शकतं, आणि मग ती पुन्हा त्या देशात पाय ठेवू शकत नाही. हे सगळं सांगून मग “आता तुम्ही ठरवा” म्हणणारा वकील कठोर वाटतो. गोड बोलून अर्धंच सांगणारा जवळचा वाटतो. मिथ्योपदेश बहुधा गोडच असतो.

सरकारांनाही असा सल्ला हवा असतो. ऑगस्ट २००२ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यातल्या वकिलांनी छळाची व्याख्या इतकी आवळली की शरीराचा एखादा अवयव निकामी होण्याइतकी वेदना झाली तरच तो छळ ठरावा. १९८४ चा छळविरोधी करार त्यांना ठाऊक होता. दोन वर्षांत तो सल्ला त्याच खात्याला मागे घ्यावा लागला. त्या वकिलांनी कुणाच्या अंगाला बोटही लावलं नव्हतं. त्यांनी फक्त लिहून दिलं होतं.

दुसरा अतिचार रहोभ्याख्यान, म्हणजे स्त्री-पुरुषांमधली एकांतातली गोष्ट बाहेर फोडणं. हेगच्या करारात एक अपवाद आहे: परत पाठवल्यानं मुलाला गंभीर धोका असेल, तर कोर्ट नकार देऊ शकतं. नवरा मारहाण करतो हे सांगायचं, तर बाईला घराचं दार सगळ्या जगासमोर उघडावं लागतं. मग ती अतिचार करते का? मला तसं वाटत नाही. लेकराच्या रक्षणासाठी जेवढं सांगावं लागतं तेवढं सांगणं हे रक्षणच आहे. पण त्याच खटल्यात समोरचा वकील तिची जुनी पत्रं, मैत्रिणीला पाठवलेले निरोप, औषधांच्या चिठ्ठ्या मांडतो, आणि त्यातलं निम्मं फक्त तिनं खाली मान घालावी म्हणून असतं. तीच गोष्ट, पण हेतू दुसरा. समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात कुणावर संकट आणणारं सत्यही बोलू नये असं म्हटलं आहे, ते इथं आठवावं.

तिसरा कूटलेखक्रिया, खोटे कागद करणं. याला आता यंत्राची जोड मिळाली आहे. एल साल्वाडोरहून न्यूयॉर्कला येणाऱ्या विमानात जेवणाच्या गाडीचा धक्का गुडघ्याला लागला म्हणून एका प्रवाशानं दावा लावला. आंतरराष्ट्रीय विमानप्रवासाच्या करारातला मुदतीचा प्रश्न होता. त्याच्या वकिलांनी आधार म्हणून दिलेले जुने निकाल चॅटजीपीटीनं रचलेले निघाले. तसे खटले कधी झालेच नव्हते. २०२३ मध्ये कोर्टानं पाच हजार डॉलर दंड केला. ‘मला माहीत नव्हतं’ हे म्हणणं पहिल्या दिवशी चालेल. शंका घेतली गेल्यावरही ते त्याच कागदांना धरून बसले, तिथं दोष पक्का झाला.

चौथा न्यासापहार, ठेव गिळणं. टीकाकार मोठं मार्मिक उदाहरण देतात: ठेवणारा विसरून कमी मागतो, आणि ठेव सांभाळणारा ‘बरोबर, तेवढीच होती’ म्हणतो. आज याच शब्दापाशी जगातले मोठे वकील अडले आहेत. रशियानं २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला केल्यावर तिच्या मध्यवर्ती बँकेचे पैसे पाश्चात्त्य देशांनी गोठवले. युरोपातच सुमारे २०० अब्ज युरो, त्यातले बहुतेक बेल्जियममधल्या युरोक्लिअर या संस्थेकडे. एक बाजू म्हणते, ज्यानं घरं पाडली त्याच्याच पैशानं ती बांधा. दुसरी म्हणते, शत्रूची असली तरी ठेव ती ठेव. आज ही घेतली तर उद्या कुणाची ठेव कुठे सुरक्षित राहील? २०२४ मध्ये सात श्रीमंत देशांनी मधला मार्ग काढला: मूळ रकमेला हात न लावता तिच्यावरच्या कमाईतून फिटेल असं ५० अब्ज डॉलरचं कर्ज युक्रेनला द्यायचं. मला या वादात दोन्हीकडे वजन दिसतं. पण ‘ठेव’ हा शब्द ऐकून एवढ्या बलाढ्य सरकारांनाही क्षणभर थबकावं लागलं, हे चांगलंच झालं.

पाचवा साकारमंत्रभेद, दुसऱ्याचा गुप्त विचार हेरून त्याच्या नाशासाठी वापरणं. याचं उदाहरण वाचून मी थक्क झाले. पी अँड आयडी नावाच्या एका परदेशी कंपनीनं २०१० मध्ये नायजेरियाशी वायू शुद्ध करण्याच्या कारखान्याचा करार केला. कारखाना उभा राहिलाच नाही. कंपनी लंडनच्या लवादात गेली आणि २०१७ मध्ये ६.६ अब्ज डॉलरचा निवाडा मिळवला. व्याजासह तो ११ अब्जांवर गेला. एका गरीब देशाच्या शाळा-दवाखान्यांचा पैसा! ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडच्या उच्च न्यायालयानं तो निवाडा फसवणुकीनं मिळवलेला म्हणून रद्द केला. लाच दिली होती, खोटी साक्ष दिली होती, आणि नायजेरियाच्या सरकारनं आपल्या वकिलांशी केलेली गुप्त मसलत सांगणारे कागद कंपनीकडे पोचत होते. ते कागद आपल्याकडे येऊ नयेत हे कळत असूनही ज्यांनी ते परत केले नाहीत, त्यांत दोन वकील होते. निवाडा वसूल झाला असता, तर त्या दोघांना कोट्यवधी पौंड मिळणार होते.

उमास्वामी अतिचार सांगतात, तशा व्रत घट्ट करणाऱ्या भावनाही सांगतात. क्रोध सोडा, लोभ सोडा, भय सोडा, थट्टा सोडा, विचारपूर्वक बोला. लोभ काय करतो ते नायजेरियाच्या गोष्टीत दिसलं. भयाचंही उदाहरण ताजं आहे. जून २०२५ मध्ये अमेरिकेनं हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या चार न्यायाधीशांवर निर्बंध लादले. चौघीही स्त्रिया: युगांडा, पेरू, बेनिन आणि स्लोव्हेनियाच्या. अफगाणिस्तानातल्या अमेरिकी सैनिकांच्या तपासाला आणि इस्रायलच्या पंतप्रधानांच्या अटक वॉरंटला वाट देणारे निकाल, हा त्यांचा अपराध. अशा निर्बंधांनी अमेरिकेतली मालमत्ता गोठते, बँका हात आखडतात, आणि त्यांना मदत करणाऱ्या अमेरिकी वकिलालाही शिक्षेची भीती. एरवी ‘निर्भय व्हा’ म्हणणं सोपं असतं. घरभाड्याचे पैसे कुठून द्यायचे हा प्रश्न पडलेल्या बाईला ते व्रत किती जड जात असेल, याचा विचार करावा.

आता पुन्हा त्या आयांच्या प्रश्नाकडे. टिकतं का व्रत? टिकतं, पण किमतीनं टिकतं. कधी अशील जातो, कधी नोकरी. आणि ती किंमत वकिलानं एकट्यानं भरायची, आपण मात्र बाजूला उभं राहून चिमटे काढायचे, हे मला पटत नाही. सत्याणुव्रती स्वतः खोटं बोलत नाही आणि दुसऱ्याकडून बोलवतही नाही. कृत आणि कारित, दोन्ही. वकील आपल्या पैशानं, आपल्या नावानं बोलतो. नवऱ्याला धडा शिकवायचा म्हणून न झालेली मारहाण वकिलाकडून लिहून घेतली, तर लेखणी त्याची असेल. कारित दोष आपला. भावाला वाटा मिळू नये म्हणून जुन्या तारखेचा कागद करायला लावला, तरी तेच. आणि खोटं लिहून घेणाऱ्या बाईमुळे खरोखर मार खाल्लेल्या बाईवर कोर्टाचा विश्वास बसेनासा होतो, हे पाप वेगळंच.

म्हणून मैत्रिणींनो, मुलगी परदेशात अडचणीत सापडली आणि वकील शोधायची वेळ आली, तर ‘जिंकून देतो का?’ एवढंच विचारू नका. त्यानं आजवर कुणाला ‘हे मी लिहिणार नाही’ असं सांगितलंय का, तेही विचारा. असा वकील मिळाला, तर तो पहिल्याच भेटीत आपल्याला नको ते ऐकवील. तेव्हा उठून दुसऱ्याकडे जायचा मोह होईल. त्या क्षणी व्रत त्याचं पणाला लागलेलं नसतं, आपलं लागलेलं असतं.