मावशींची रजा

वृद्धाश्रम बघायला आलेली मंडळी काय विचारतात, हे आता ठरून गेलं आहे. खोली स्वतंत्र आहे का, कमोड आहे का, स्वयंपाकात तिखट किती असतं, डॉक्टर आठवड्यातून किती वेळा येतात, अनामत परत मिळते का. अलीकडे लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावतं का, हेही विचारतात. मात्र रहिवाशांची देखभाल करणाऱ्या मावशींना ताप आला तर पगारी रजा मिळते का, असं कुणी विचारल्याचं माझ्या ऐकिवात नाही. कोविडच्या काळात जगभरच्या वृद्धनिवासांत जे घडलं ते वाचल्यावर मला वाटतं, अनामतीच्याही आधी हे विचारायला हवं.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या किर्कलंड गावी ‘लाइफ केअर सेंटर’ नावाचं शुश्रूषा केंद्र आहे. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस तिथे कोविड सापडला. १८ मार्चपर्यंत त्या एका केंद्राशी जोडलेल्या रुग्णांत १०१ रहिवासी, ५० कर्मचारी आणि १६ भेटायला आलेले लोक होते. रहिवाशांपैकी साधारण तिघांमागे एक दगावला. कर्मचाऱ्यांपैकी तेव्हा कुणी दगावलं नाही. आरोग्य अधिकाऱ्यांनी कारणं शोधली, तेव्हा मास्क आणि गाऊन वापरण्याचं अपुरं शिक्षण निघालंच. पण त्याच यादीत आणखी दोन गोष्टी होत्या: अंगात लक्षणं असताना कामावर येणारे कर्मचारी, आणि एकाहून अधिक केंद्रांत काम करणारे कर्मचारी. या दोन्हींवर औषध डॉक्टरांकडे नाही. ताप असताना माणूस कामावर येतो, कारण घरी बसलं तर त्या दिवसाचे पैसे बुडतात. दोन ठिकाणी राबतो, कारण एका पगारात भागत नाही.

हे ज्यांनी लवकर ओळखलं, त्यांत कॅनडातला ब्रिटिश कोलंबिया प्रांत होता. कॅनडातला पहिला कोविडमृत्यू मार्च २०२० मध्ये याच प्रांतात, नॉर्थ व्हँकूव्हरच्या लिन व्हॅली केअर सेंटरमध्ये झाला. प्रांताच्या आरोग्य अधिकारी डॉ. बॉनी हेन्री यांनी त्याच महिन्यात आदेश काढला: ज्याने त्याने एकाच केंद्रात काम करायचं. आता आदेश काढणं सोपं. दुसरी नोकरी सुटलेल्या बाईने घर कसं चालवायचं? म्हणून सरकारने कमी पगाराच्या केंद्रांतलं वेतन युनियनच्या दरापर्यंत वर आणलं आणि फरक स्वतः भरला. साथीच्या काळातला हा निर्णय मला व्हेंटिलेटरच्या खरेदीइतकाच वैद्यकीय वाटतो. ओंटारियो प्रांतात असा आदेश लागू व्हायला २२ एप्रिल उजाडला. तिथल्या पाच केंद्रांत मदतीला लष्कर पाठवावं लागलं आणि मे महिन्यात सैनिकांनी दिलेल्या अहवालात झुरळं होती, मळलेल्या डायपरमध्ये पडून राहिलेली माणसं होती, मदतीसाठी मारलेल्या आणि कुणी न ऐकलेल्या हाका होत्या. दोन प्रांतांतला सगळा फरक या एका आदेशाने पडला, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण जिथे माणसंच पुरी नव्हती, तिथे साथ आल्यावर काय होतं, हे त्या अहवालात लख्ख दिसतं.

फ्रान्समधली गोष्ट मात्र मला जास्त अस्वस्थ करते, आणि ती यशाची गोष्ट आहे. ल्योंजवळच्या कोर्बा गावात विलानोवा नावाचं वृद्धनिवास आहे. मार्च २०२० मध्ये वृद्धांना आपापल्या खोल्यांत बंद ठेवण्याची वेळ आली, तेव्हा संचालिका व्हॅलेरी मार्तँ यांनी ते नाकारलं. खोलीत कोंडलेला म्हातारा माणूस विषाणूने नाही तर खंतावून मरेल, असं त्यांचं म्हणणं होतं. मग त्या आणि त्यांचे कर्मचारीच आत राहायला आले. पन्नासांपैकी २९ जणांनी तयारी दाखवली; जमिनीवर गाद्या टाकून ते तिथेच झोपू लागले. हा मुक्काम ४७ दिवस चालला. आतले १०६ रहिवासी एकमेकांना भेटत होते, बागेत जात होते. मे महिन्यात बाहेर पडताना सगळ्यांच्या चाचण्या निगेटिव्ह आल्या. त्याच सुमारास फ्रान्सच्या वृद्धनिवासांत नऊ हजारांहून जास्त माणसं गेली होती.

बातम्यांत याचं कौतुक झालं, ते रास्तच होतं. तरी हिशेब नीट मांडला तर असा दिसतो: म्हाताऱ्यांना बागेत फिरता यावं म्हणून कुणाच्या तरी आईने ४७ दिवस आपली मुलं पाहिली नाहीत. मोकळीक फुकट मिळाली नव्हती. तिची किंमत फक्त दुसऱ्याने दिली. कोर्बात ती स्वखुशीने दिली गेली आणि न देण्याची मुभाही होती, कारण पन्नासांपैकी एकवीस जण आत राहायला आले नाहीत.

आपल्याकडे हीच तरकीब कितीतरी ठिकाणी वापरली गेली, फक्त स्वखुशीचा भाग धूसर होता. टाळेबंदी लागली, लोकल आणि एसटी थांबल्या, आणि वृद्धाश्रमांनी मावशींना सांगितलं, राहायचं तर आत राहा. माझ्या माहितीतल्या एका ठिकाणी एक मावशी सासूचं दुखणं वाढलं म्हणून गावी गेली. परत आल्यावर तिला चौदा दिवस बाहेर थांबायला सांगितलं, तेही बिनपगारी. व्यवस्थापक वाईट माणूस नव्हता. आतल्या चाळीस जणांच्या जिवाची जबाबदारी त्याच्यावर होती आणि त्याच्या परीने तो बरोबरच वागत होता. त्याच्या वहीत तिच्या त्या चौदा दिवसांसाठी रकानाच नव्हता, एवढंच. ‘ब्युरो’तून, म्हणजे सेविका पुरवणाऱ्या एजन्सीतून, आलेल्या बाईचं तर याहून अवघड, कारण ती वृद्धाश्रमाची कर्मचारी कागदावरही नसते. शहरांत काही सोसायट्यांनी कामवाल्या बायकांनाच बंदी घातली आणि अंथरुणाला खिळलेल्या आजोबांना अंघोळ कोण घालणार, हा प्रश्न सत्तरीतल्या आजींवर सोडून दिला.

इथे एक भेद लक्षात ठेवायला हवा. पुण्यात ज्येष्ठांच्या वसाहती आहेत, जिथे निवृत्त जोडपी स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहतात, मुलं अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात असतात. दुसरीकडे १९९५ नंतर सरकारी योजनेतून निघालेले मातोश्री वृद्धाश्रम आहेत. टाळेबंदीत पहिल्या ठिकाणी दारापाशी डबा आला, व्हिडिओ कॉल झाले (ऐकू कमी येणाऱ्या माणसाशी व्हिडिओ कॉल म्हणजे दोन्हीकडून नुसतं ओरडणं), विमानं बंद म्हणून मुलं येऊ शकली नाहीत. दुसऱ्या ठिकाणी एकाच दालनात खाटा लागून असतात. तिथे ‘अंतर ठेवा’ हे वाक्य भिंतीवर लावण्यापुरतंच. नोव्हेंबर २०२१ मध्ये भिवंडी तालुक्यातल्या सोरगावच्या मातोश्री वृद्धाश्रमात साठाहून अधिक जणांना लागण झाली. बहुतेकांच्या लसीच्या दोन्ही मात्रा झालेल्या होत्या.

नातेवाइकांना दार बंद करणं चूक होतं का? पहिल्या काही आठवड्यांत नव्हतं. कुणालाच काही कळत नव्हतं. पण पंचाऐंशीव्या वर्षी वर्षभराचं अंतर म्हणजे उरलेल्या आयुष्याचा केवढा तुकडा, याचा विचार करून पुढे कुणीतरी दार किलकिलं करून बघायला हवं होतं. नेदरलँड्सने ते केलं. २० मार्च २०२० ला बंद केलेल्या भेटी त्यांनी ११ मेपासून २६ केंद्रांत प्रयोग म्हणून सुरू केल्या, रहिवाशामागे एकच ठरलेला माणूस, आणि सोबत अभ्यासक नेमले. आपल्याकडे दार उघडायचं की नाही हे संस्थाचालकाच्या धीरावर राहिलं. आत राहणाऱ्यांची बैठक घेऊन ‘तुम्हाला काय हवं?’ असं विचारणं क्वचितच झालं असेल. आयुष्यभर बँका, शाळा, गिरण्या चालवलेली ही माणसं. त्यांना धोका म्हणजे काय ते आपल्यापेक्षा कमी कळत होतं, असं का मानलं गेलं?

लसीकरणाची क्रमवारीही पाहण्यासारखी आहे. जानेवारी २०२१ मध्ये आरोग्यसेवक, मग पोलीस, पालिका कर्मचारी, महसूल खातं वगैरे आघाडीवरचे लोक, १ मार्चपासून साठीच्या पुढचे, १ एप्रिलपासून पंचेचाळिशीच्या पुढचे. जे अंथरुणातून उठून केंद्रावर जाऊच शकत नव्हते, त्यांच्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका करावी लागली. मुंबई पालिकेने घरी जाऊन लस द्यायला सुरुवात केली ती ३० जुलैला, म्हणजे ज्येष्ठांचं लसीकरण सुरू होऊन पाच महिने झाल्यावर.

आणि खासगी वृद्धाश्रमातली पस्तिशीची मावशी? आघाडीवरच्यांच्या यादीत तिचं काम नव्हतं. तिचा नंबर वयाने लागायचा, १ मे रोजी. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत, १२ मे रोजी, लसींच्या तुटवड्यामुळे महाराष्ट्राने १८ ते ४४ वयोगटाचं लसीकरण थांबवलं. दुसरी लाट तेव्हा भरात होती, आणि ही मावशी रोज आठ-दहा जणांची तोंडं पुसत होती, कुशी बदलत होती, घास भरवत होती. सहा फुटांचा नियम तिच्या कामाला कधी लागूच होत नव्हता.

पुढच्या वेळी वृद्धाश्रमाचं माहितीपत्रक हातात आलं की त्यात बागेचा फोटो असेल, फिजिओथेरपीची खोली असेल, शेवटच्या पानावर दर असतील. त्या दरातला किती भाग सेविकांच्या पगारात जातो, रात्रपाळीला किती जणींवर किती रहिवासी असतात, आजारपणाची रजा किती, ती ब्युरोच्या बाईलाही आहे का, हे व्यवस्थापकाला विचारून घ्यावं. उत्तर देताना तो अडखळला तर अनामत भरण्याची घाई करू नये.