अश्वत्थाम्याचं तेल

ज्यानं माणूस मारला, त्याच्याविषयी वाईट वाटावं की वाटू नये? हा प्रश्न पुस्तकात भेटला असता तर मी पान उलटून पुढं गेलो असतो. पण आमच्या गावात तो दर दोन-चार वर्षांनी पोलीस पाटलाच्या ओसरीवर येऊन बसायचा. निफाड तालुक्यात कालव्याचं पाणी आलं, उसाच्या मागून द्राक्षं आली आणि जमिनीला भाव आला. तसा बांधही महाग झाला. हातभर बांधासाठी, विहिरीच्या एका पाळीसाठी भावकीत कुऱ्हाडी निघायला लागल्या. तालुक्याला कोर्टाच्या तारखांना जाणाऱ्या एसटीत अर्धी माणसं एकमेकांची पाहुणी असायची.

खून झाल्याची बातमी आली, की पारावर एकच वाक्य फिरायचं, "असल्याला भर चौकात टांगला पायजे." मी पुष्कळ वर्षं हे वाक्य ऐकलं, आणि एक गोष्ट ध्यानात आली. ज्याचा मयताशी काही संबंध नाही, तो ते सगळ्यात मोठ्यानं म्हणतो. मयताच्या घरात या वाक्याला जागाच नसते. तिथं गोठ्यात म्हैस हंबरत असते, पोरांच्या पोटात अन्न नसतं आणि तेराव्याला पैसे कुठून आणायचे याची काळजी असते.

माझे चुलत आजोबा पोलीस पाटील होते. सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं. आमच्या भावकीतल्या एकानं चुलतभावाला मारलं, तेव्हा मी लहान होतो. चैत्रात विहिरीचं पाणी तुटलेलं, पाळीवरून बाचाबाची झाली आणि हातात फावडं होतं. त्याला जन्मठेप झाली, नाशिकरोडच्या तुरुंगात गेला. काही वर्षांनी त्याचा संचित रजेचा अर्ज आला. कैद्यानं ठरावीक मुदत काढली की थोड्या दिवसांसाठी घरी सोडतात, ती संचित रजा. लोक तिला फर्लो म्हणतात. तेव्हा तिचे नियम 1959 चे होते. रजा द्यायच्या आधी पोलीस गावात येऊन चौकशी करतात. जामीन कोण राहतो, गावात भांडणतंटा उसळेल का, हे बघतात.

हवालदार आले, तात्यांच्या ओसरीवर चहा झाला आणि मयताच्या आईला बोलावणं गेलं. आम्ही तिला मोठी आई म्हणायचो. ती आली नाही. मग तात्या आणि हवालदारच तिच्या दारात गेले, मागून आम्ही पोरं. ती शेंगा फोडत बसली होती. तात्या म्हणाले, "वहिनी, त्याच्या पोरीचं लगीन हाये. चौदा दिसाची सुट्टी मागतोय. तुमचं काय म्हननं हाये?"

तिनं मान वर केली नाही. "पोरीनं कुनाला मारलं? येऊं द्या त्याला. पन माह्या दारावरून जायाचं न्हाई म्हनावं. मला त्याचं त्वांड बघायचं न्हाई."

हवालदारांनी कागदावर लिहिलं, 'हरकत नाही.' परत येताना तात्या म्हणाले, "ती एवढंच म्हनली व्हय? अर्धंच लिवलं तुम्ही."

तो आला. चौदा दिवस गावातला सरळ रस्ता सोडून ओढ्याच्या कडेनं, बाभळीतून, लांबचा फेरा मारून घरी जात-येत राहिला. मांडवात बसला, पोरीच्या डोक्यावर अक्षता टाकल्या, मुदतीला परत तुरुंगात गेला. मोठ्या आईनं त्याला मरेपर्यंत माफ केलं नाही. माफ कर, असं तिला कुणी म्हणालंही नाही. पण लेकीचं लग्न तिनं त्याच्याकडून काढून घेतलं नाही. तिच्या त्या दोन वाक्यांत मला आजवर विसंगती दिसलेली नाही. त्याला शिक्षा झाली पाहिजे, आणि तो बापही आहे. दोन्ही खरं.

शिकलेली माणसं इथं गोंधळतात. त्यांना वाटतं, खुन्याबद्दल कणव म्हणजे खुनाला माफी. मग मयताचं काय, असं ते विचारतात, आणि ते विचारणं रास्तच आहे. पण आमच्या म्हाताऱ्यांचा असा गोंधळ होत नव्हता. दिवाळीत नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल लावायच्या आधी त्या तेलाची बोटं जमिनीला टेकवायच्या. विचारलं तर सांगायच्या, चिरंजीवांसाठी. आणि त्यांतल्या अश्वत्थाम्याच्या डोक्याची जखम भळभळतीय, तो तेल मागत फिरतोय. सातपुड्याच्या बाजूला तर तो दिसल्याचं सांगणारी माणसंही भेटतात.

आता हा अश्वत्थामा कोण? युद्ध संपल्यावर रात्री छावणीत शिरून द्रौपदीची पाचही पोरं झोपेत कापणारा. याहून वाईट काय करायचं राहतं? त्याच्या कपाळावरचा मणी काढून घेतला, आणि रक्तपू गळत एकट्यानं हजारो वर्षं भटकायचा शाप त्याला मिळाला. त्या शापाला आमच्या म्हाताऱ्यांनी कधी नाव ठेवलं नाही. तो लवकर सुटावा असंही त्या म्हणत नसत. शाप ठरल्याप्रमाणे चालू दे, पण जखमेला तेल मागतोय तर दोन थेंब द्या, एवढंच. आणि भागवतातली गोष्ट तर पुढची. अर्जुनानं त्याला बांधून आणल्यावर सोडा म्हणणारी द्रौपदीच आहे. मी रडते तशी याची आई रडायला नको, असं तिचं म्हणणं. कीर्तनात हा भाग आला की बाया पदर डोळ्याला लावायच्या. त्यातल्या एकीच्याही घरातलं दुःख त्यामुळं हलकं होत नव्हतं.

एक गोष्ट मात्र नीट बघायला हवी. हे द्रौपदी म्हणाली, मोठी आई म्हणाली. त्यांचा तो हक्क. ज्याच्या घरातला माणूस गेला, त्याला कुणी कणव शिकवायला जाऊ नये. त्याचा राग त्याचा आहे, तो जन्मभर ठेवला तरी त्याचाच. प्रश्न आहे तो आपल्यासारख्या लांबच्यांचा. आपण त्यांचा राग उसना आणतो. उसनं आणलेलं बियाणं कुठल्या रानात पडतंय याची काळजी आपण करत नाही.

उसन्या रागाचं काय होतं, ते आमच्याच जिल्ह्यात घडलंय. 5 जून 2003 च्या रात्री नाशिकजवळ पेरूच्या बागेत झोपडी करून राहणाऱ्या कुटुंबावर दरोडा पडला. पाच माणसं मारली, बायकांवर अत्याचार झाला. आई आणि एक मुलगा तेवढे वाचले. ऐकूनच अंगावर काटा येतो. पोलिसांनी सहा जण धरले, सगळे भटक्या जमातीतले, मजुरी करून खाणारे. 2006 साली नाशिकच्या सत्र न्यायालयानं सहाही जणांना फाशी सुनावली. 2007 साली हायकोर्टानं तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांना जन्मठेप दिली. 2009 साली सुप्रीम कोर्टानं पुन्हा सहाही जणांना फाशीच दिली. त्या वेळी गावोगाव कुणालाही विचारलं असतं, तर उत्तर ठरलेलं होतं.

मग फेरविचार अर्ज झाला. 5 मार्च 2019 रोजी त्याच सुप्रीम कोर्टानं सहाही जणांना निर्दोष सोडलं. वाचलेल्या बाईनं घटनेनंतर लगेच पोलिसांच्या फोटोंतून दुसरीच चार माणसं ओळखली होती. तो पुरावा बाजूला पडला होता, त्या चौघांवर खटलाच झाला नव्हता. सहा जणांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. कोर्टानं त्यांना खोटं गुंतवल्याचं म्हटलं, प्रत्येकाला पाच लाख रुपये द्यायला सरकारला सांगितलं आणि चुकार तपास अधिकाऱ्यांवर कारवाई करायलाही सांगितलं. तोवर सोळा वर्षं गेली होती, त्यातली बरीच फाशीच्या सावलीत.

हे असंच का घडलं, ते गावाकडच्या माणसाला फोड करून सांगायला नको. कुठं चोरी झाली की पहिला धाडा कुणाच्या पालावर पडतो, हे आम्हाला ठाऊक आहे. इंग्रजांनी 1871 साली कायदा करून अख्ख्या जमातीच जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. 31 ऑगस्ट 1952 ला तो शिक्का कागदावरून निघाला, माणसांच्या डोक्यातून निघाला नाही. ज्याच्याविषयी आपल्याला काहीच वाटत नाही, त्यानं ते केलं का, हे विचारायचीही गरज वाटत नाही. आणि त्या सोळा वर्षांत त्या आईला आणि मुलाला काय मिळालं? त्यांच्या नावानं आपण संतापलो, आणि तिनं दाखवलेली माणसं तशीच राहिली.

आता तुम्ही म्हणाल, ते सहा जण निर्दोष होते, त्यांचं वाईट वाटणारच. ज्यानं खरंच मारलं त्याचं बोला. बरोबर आहे. कणवेची खरी पारख तिथंच होते.

तर नाशिकचंच बोलू. 21 डिसेंबर 1909 ला विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे या कोवळ्या पोरानं कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. जॅक्सनची बदली झाली होती, नाटक त्याच्या निरोपाचं होतं. संस्कृत शिकलेला गोरा म्हणून त्याला लोक पंडित म्हणायचे. पण त्याच्याच कारकिर्दीत बाबाराव सावरकरांना काळ्या पाण्याची सजा झाली होती. 19 एप्रिल 1910 ला कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. आज नाशिकच्या मोठ्या मैदानाला हुतात्मा अनंत कान्हेऱ्यांचं नाव आहे, आणि ते योग्यच आहे. देशासाठी मरणाऱ्या पोराची आणि बांधासाठी फावडं उचलणाऱ्याची मी बरोबरी करत नाही. मला एवढंच दिसतं, की मारणाऱ्याविषयी जीव तुटू शकतो. त्याचं वय, त्याचं कारण, त्याच्या मनात काय चाललं होतं हे आपण जाणून घेतलं, म्हणून तो तुटतो. एरवी आपण जाणूनच घेत नाही. पाळीवर फावडं उचललं त्याला काय झालं होतं? तीन दिवस रात्रीचं जागून दारं धरलेली, सोसायटीचं कर्ज, उभं पीक वाळत चाललेलं. हे सांगितल्यानं चुलतभाऊ जिवंत होत नाही, जन्मठेपेतला एक दिवसही कमी होत नाही. पण पुढल्या चैत्रात कुणाच्या हातात फावडं आहे आणि कोण तीन रात्री झोपला नाही, एवढं तरी गावाला दिसेल.

नुसतं दिसूनही भागत नाही, त्याचं काही करावं लागतं. आपल्याकडं ते करून बघितलेलं आहे. औंध संस्थानच्या पंतप्रतिनिधींच्या काळात, 1939 च्या सुमारास, मॉरिस फ्रीडमन या पोलंडहून आलेल्या माणसाच्या कल्पनेतून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर उभं राहिलं. तुरुंग, पण भिंत नाही. खुनाची सजा भोगणारे कैदी तिथं बायका-पोरांसह राहून शेती करायचे. शांतारामबापूंचा 1957 चा 'दो आँखें बारह हाथ' त्यावरूनच निघाला, आणि त्याची कथा लिहिणारे गदिमा त्याच माणदेशातले. सिनेमात सगळं जमून येतं, रानात तसं येत नाही. कुणी पळालं असेल, कुणी सुधारलं नसेल. पण सजा भोगणाऱ्याच्या हातात पुन्हा कुदळ-फावडं द्यायला छाती लागते. ज्या हत्यारानं त्यानं जीव घेतला, तेच ते असतं.

मुलाखतीच्या दिवशी नाशिकरोडच्या तुरुंगाच्या फाटकाशी थोडा वेळ उभं राहून बघा. सिन्नर, येवला, पेठ, सुरगाण्याहून पहाटेची गाडी धरून आलेल्या बाया पिशव्या सांभाळत बसलेल्या असतात. कडेवर पोर, हातात आधार कार्डाची घडी. एकमेकींना कुणी विचारत नाही, तुझ्यानं काय केलं म्हणून. नंबर कितवा आणि परतीची गाडी किती वाजता, एवढंच विचारतात. आणि ज्यांनी मारलं नाही पण ज्यांच्या घरातला गेला, त्या बाया त्याच वेळी दुसऱ्या एखाद्या गावात, दुसऱ्याच्या द्राक्षात रोजंदारीवर असतात. त्यांच्यासाठी कुठलंच फाटक नसतं, कुठला नंबर नसतो. म्हणून आता खुनाची बातमी कानावर आली, की मी पारावर दोनच गोष्टी विचारतो. मयताच्या घरी आज चूल कुणी पेटवली? आणि ज्याला धरलं, त्याच्या घरी कुणी जाऊन आलं का? पहिल्या प्रश्नाला लोक उत्तर देतात. दुसऱ्याला बराच वेळ कुणी बोलत नाही. मग कुणीतरी चप्पल पायात सरकवतो आणि म्हणतो, "जाऊन येतो मी."